पाहुण्याचा मान

"याचा रंग हाताला लागतो का रं?" शेवंताआजीनं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वुसीच्या मनगटावरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा उन्हात धरून निरखून पाहिला.

वुसीनं दुसराही हात पुढं केला. "नाही निघत, आजी. लहानपणी मी पण लई घासून बघितला."

त्याच्या तोंडून मराठी ऐकून म्हातारी दचकली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. एसटीपासून आमच्यामागं आलेली पोरं तोवर लांब उभी होती. आजी हसलेली बघून तीही जवळ सरकली. एकेकानं वुसीच्या हाताला हात लावून घेतला, केसांना लावून घेतला. तो गुडघ्यावर बसला, म्हणजे बारक्यांनाही पोचता यावं.

माय घराच्या दारात उभी होती. तिनं त्याच्या रंगाबद्दल काही विचारलं नाही. "बोलत काय बसलात, लेकरानं काही खाल्लंय का?" एवढंच म्हणाली.

ही चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. दुष्काळ सरून सहा-सात महिने झाले होते. माझा बा त्या दुष्काळात गेला आणि माय गावातच मोलमजुरी करून एकटी राहत होती. मी औरंगाबादला वसतिगृहात राहून कायद्याचं शिकत होतो आणि वुसी माझ्या खोलीत होता. तो दक्षिण आफ्रिकेतला. तिथल्या सरकारनं त्याच्या भावाला तुरुंगात टाकल्यावर हा पायी सरहद्द ओलांडून पळाला होता. बऱ्याच देशांतून फिरत शेवटी आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आमच्या कॉलेजात येऊन पोचला. परत गेला तर विमानतळावरच धरतील, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आमची खोली तिघांची होती, पण तिसरी खाट कायम रिकामी राहिली. पहिल्या वर्षी एक मुलगा ट्रंक घेऊन आला, दारावरची दोन नावं वाचली आणि ट्रंक उचलून परत गेला. तो कोणामुळं गेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वुसी म्हणायचा माझ्यामुळं, मी म्हणायचो माझ्यामुळं. त्यावरून आम्ही भांडायचो आणि हसायचो. बाजारातून जाताना पोरं त्याच्यामागं 'हबशी, हबशी' करत यायची. तो वळून त्यांना नमस्कार घालायचा. खोलीवर आल्यावर मात्र बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

आपलं संविधान त्यानं माझ्याआधी वाचून काढलं होतं. कुणालाही अस्पृश्य मानणं हा गुन्हा आहे, ते कलम त्यानं एकदा मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे खरंच असं आहे?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.

त्यानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "पुस्तकात आहे, हे पण लई आहे, संपत. आमच्या पुस्तकात उलटं लिहिलंय."

मी त्याला कितीदा गावी चल म्हटलं होतं, पण तो परीक्षेचं निमित्त सांगायचा. त्या जानेवारीत त्यानं आपणहून विषय काढला. "तुझ्या आईकडं जाऊ या का?" असं एक दिवस अचानक म्हणाला. सव्वीस जानेवारीला जोडून सुटी होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशी दुपारीच निघालो.

आम्ही घरात टेकतो न टेकतो तोच सरपंचांचा गडी मला बोलवायला आला. वुसीला मायजवळ सोडून मी गेलो.

सरपंच माणिकराव ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. मी अंगणात उभा राहिलो. माणूस मनानं वाईट नव्हता. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या कोठारातली ज्वारी आमच्या बौद्धवाड्यातही पाठवली होती, आणि मायला वर्षभर त्यांच्याच शेतात काम असायचं. त्यांना भलताच आनंद झालेला दिसला. आपल्या गावात अजून कलेक्टर आला नाही आणि थेट आफ्रिकेतून माणूस आला, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. उद्याचा झेंडा पाहुण्याच्या हातून फडकवायचा, मग जेवण आपल्या घरी, पुरणाचं, असं सगळं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

"तूही ये रे," ते म्हणाले. "तुझं पान मागच्या अंगणात मांडायला सांगतो. उपाशी जाऊ नको म्हणजे झालं."

माझ्यासाठी चहा आला. बाहेरच्या कोनाड्यात आमच्यासाठी कान तुटलेला एक कप ठेवलेला असायचा, त्यातून आला. मी चहा प्यायलो, कप विसळला आणि जागेवर ठेवला. यात मला काही वेगळं वाटलं नाही. उलट परत येताना मी खुशीत होतो. गाव माझ्या दोस्ताचा मान करणार होतं.

घरी आलो तर वुसी चुलीपुढं बसून भाकरी थापायचा खटाटोप करत होता आणि माय त्याचा हात धरून परातीत भाकरी फिरवून दाखवत होती. त्याचं नाव तिच्या जिभेवर बसेना. वुसी हे घरातलं नाव, पुरं नाव वुसुमुझी, आणि त्याचा अर्थ घर पुन्हा उभं करणारा, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. मायनं ते नीट ऐकून घेतलं आणि त्याचं नाव वसंता ठेवलं.

मी सरपंचांचा निरोप सांगितला. वुसीनं हातातलं पीठ परातीत ठेवलं.

"आणि तू कुठं जेवणार?"

मी सांगितलं. ओघात चहाचंही सांगितलं. तो मायकडं बघत होता, पण बोलला माझ्याशी. "आमच्याकडं टिनाचा मग असतो. गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईचा. मोरीपाशी ठेवतात, बाकीच्या भांड्यांना लागू नये म्हणून. माझ्या आईचा निळा होता."

मायनं तव्यावरची भाकरी उलटली.

"उद्या झेंड्याला माय कुठं असते?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "ती सकाळी शाळेचं पटांगण झाडते, सडा घालते. मग भिंतीपलीकडं जाऊन उभी राहते. वाड्यातली सगळी म्हातारी माणसं तिथंच उभी राहतात."

"कुणी तसं सांगितलंय?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"तिथून झेंडा दिसतो?"

"उलगडला की दिसतो," माय म्हणाली.

सकाळी शाळेच्या पटांगणात निम्मं गाव जमलं होतं. पोरं रांगेत, मोठी माणसं मागं, सरपंच आणि पंच खुर्च्यांवर. वुसीसाठी मधोमध हाताची खुर्ची ठेवली होती. त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि तो इतका ताठ बसला होता, की मला वाटलं, बिचारा घाबरलाय. मी पोरांच्या रांगेशेजारी उभा होतो. खांबाभोवती रांगोळी होती आणि खांबाच्या टोकाला, फुलं घालून गुंडाळलेला, गाठ मारलेला झेंडा.

देवळे गुरुजी आमच्या शाळेचे हेडमास्तर. ते दरसाल एकच भाषण वाचायचे, कागद पिवळा पडला होता. आजच्या दिवशी आपण सर्वांनी मिळून स्वतःला न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता दिली, आजपासून या देशात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, असं ते संथ आवाजात वाचत गेले. पोरं चुळबुळ करत होती. शेवटी त्यांनी परदेशी पाहुण्यांना ध्वज फडकवण्याची विनंती केली आणि टाळ्या पडल्या.

वुसी उठला. खांबापर्यंत गेला, पण दोरीला हात न लावता लोकांकडं वळला.

"माझं नाव वुसी," तो म्हणाला. मराठी आणि तीही आपल्याकडची ऐकून लोक हसले. तो थांबला आणि हसू ओसरल्यावर पुढं बोलला. "मी आलो त्या देशात झेंडा आहे, पण तो माझा नाही. तो वर जातो तेव्हा आम्ही लांब उभे राहतो. म्हणून सरपंचांनी मला दोरी धरायला सांगितली, तेव्हा मला लई आनंद झाला. पण हा झेंडा पण माझा नाही. हा तुमचा आहे. मी पाहुणा. मी ज्या घरात उतरलो, त्या घरातलं मोठं माणूस इथं आहे. हे पटांगण तिनंच झाडलंय. आजचा झेंडा तिनं फडकवावा, एवढंच माझं मागणं आहे."

सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या. भिंतीपलीकडं डोकी दिसत होती, त्यातलं एक मायचं होतं. माझ्या मनात त्या घडीला समता नव्हती की बंधुता नव्हती. मायला उद्या शेतावर कोण बोलावणार, हे होतं. आणि ती विधवा होती. शुभकार्यात पुढं यायची तिला घरातही चोरी.

सरपंच हसले, पण ते हसू त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "पाहुणे, आपल्याकडं तशी रीत नाही. मान तुमचाच आहे."

"नक्की माझा आहे?"

"म्हणजे काय, तुमचाच."

"मग तो मी दुसऱ्याला देऊ शकतो का?" वुसीनं विचारलं. त्याच्या आवाजात अजिबात धार नव्हती. लहान मुलानं मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

सरपंचांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी हातातल्या पिवळ्या कागदाकडं बघत होते. देवळे गुरुजी धाडसी माणूस नव्हते. सरपंचांपुढं त्यांचा शब्द फुटायचा नाही. पण त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "कौतिकाबाई, इकडं या."

माझ्या मायला गावात 'बाई' म्हणून हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

मला वाटलं, ती येणार नाही. येऊ नये, असंही वाटलं. भिंतीपलीकडं कुजबुज झाली आणि मग माय फाटकातून आत आली. सड्याच्या बादलीत उरलेल्या पाण्यानं तिनं हात धुतले, पदराला पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला. रांगोळी पुसू नये म्हणून ती कडेकडेनं खांबापाशी गेली. कोणाकडंच बघत नव्हती, फक्त वुसीकडं. वुसी दोन पावलं मागं सरकला.

तिनं दोरी धरली आणि ओढली. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढं व्हायला निघालो, तर वुसीनं मान हलवून मला थांबवलं. मायच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, जानेवारीच्या थंडीत. ती तशीच दोरी धरून उभी राहिली.

तेव्हा सरपंच खुर्चीतूनच खालच्या आवाजात म्हणाले, "उजवीकडची ओढ, कौतिके. उजवीकडची."

मायनं उजवीकडची दोरी ओढली. गाठ सुटली, झेंडा उलगडला आणि आतली झेंडूची, शेवंतीची फुलं तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडली. ती वर बघत राहिली. गुरुजींनी राष्ट्रगीत सुरू केलं, पण त्यांचा आवाज चढेना, म्हणून पोरांनीच ते पुढं नेलं.

सरपंचांच्या घरी वुसी जेवला नाही. ज्या घरी उतरलोय तिथंच जेवीन, असं त्यानं हात जोडून सांगितलं आणि त्यांनीही आग्रह केला नाही. आम्ही तिघं घरी बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेच्यानं वुसीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसून पुसून तो खात होता आणि माय त्याच्या ताटात दूध ओतत होती. झेंड्याबद्दल दोघांपैकी कोणीही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. जाताना मायनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

झालं ते असं झालं. त्या हंगामात माणिकरावांनी मायला शेतावर बोलावलं नाही. ती शेजारच्या गावाला चालत कामाला जायची. पावसाळा लागल्यावर त्यांनी तिला पुन्हा बोलावलं, मधल्या दिवसांबद्दल एक अक्षर न काढता. पुढच्या वर्षी झेंडा सरपंचांनीच फडकवला. पण माय त्या वर्षी पटांगण झाडून भिंतीबाहेर गेली नाही. बादली बाजूला ठेवून तिथंच उभी राहिली. शेवंताआजी आली, मग वाड्यातली बाकीची आली. त्यांना कोणी जा म्हटलं नाही.

वुसी शिकून परत आफ्रिकेत, पण त्याच्या देशाबाहेरच्या लुसाकाला गेला, त्यांच्या लढ्याच्या कामाला. वर्षाकाठी त्याची खुशाली कळायची, मधेच काही वर्षं तीही कळेनाशी झाली. मी जालन्याला वकिली सुरू केली आणि मायला घेऊन आलो. सव्वीस जानेवारीला मला कुठं ना कुठं भाषणाला बोलावतात. मी दरवेळी मायची गोष्ट सांगायचो. एका अडाणी बाईनं संविधानाचा अर्थ आपल्या हातानं कसा उघडून दाखवला, सगळ्या गावासमोर आपला हक्क कसा बजावला, असं सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात टीव्हीवर वुसीच्या देशातल्या मतदानाच्या रांगा दाखवल्या. डोंगराच्या वळणांवरून गेलेल्या, संपता न संपणाऱ्या रांगा. मी मायला जवळ बसवून दाखवल्या. तिला आता नीट दिसत नव्हतं, तरी ती टीव्हीपाशी नाक नेऊन एकेक तोंड बघत होती. वसंता दिसतो का, ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी फोन वाजला. जोहान्सबर्गहून वुसी बोलत होता. तो आपल्या घरी परतला होता. आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि एकाच वेळी गप्प होत होतो. मग तो म्हणाला, "माय आहे?"

मी मायच्या हातात फोन दिला. तिनं तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. ती मोठमोठ्यानं बोलत होती, जणू आवाज स्वतःच तिथवर पोचवायचाय. मग ऐकत राहिली. बराच वेळ 'हां, हां' करत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं केलंस, लेकरा. तिला पोचलं ते." आणि फोन माझ्याकडं दिला, तर तो बंद झाला होता.

"कोणाला काय पोचलं?" मी विचारलं.

"त्याच्या मायला. त्यानं मत दिलं ना, ते तिच्या नावानं दिलं म्हणे."

"ती कधी गेली?"

माय माझ्याकडं बघत राहिली. "तुला त्यानं कधीच सांगितलं नाही? तो आपल्या गावी आला, त्याच्या महिनाभर आधी गेली ती. दिल्लीहून त्याच्या देशातल्या माणसाचा निरोप आला होता. मातीला जाता आलं नाही त्याला, गेला असता तर धरला असता. तू सरपंचाकडं गेला होतास तव्हा सांगितलं मला. रडला नाही. त्याची माय पण लोकाची अंगणं झाडायची, म्हणाला. मग रात्री तू निजल्यावर म्हणाला, माय, उद्या मी तुला एक मागेन, नाही म्हणू नको."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. काय मागतो ते विचारलं पण नाही. मला वाटलं, पुरणाची पोळी मागेल."

मी तिच्याजवळ खाली बसलो. इतकी वर्षं मी भाषणांतून काय सांगत आलो, ते तिला सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"हक्काचं मला तव्हा काय कळत होतं, संपत," ती म्हणाली. "सरपंच काम बंद करील, हे का मला कळत नव्हतं? पण ते लेकरू एवढ्या लोकांत एकटंच उभं होतं. आणि माझ्याकडं बघत होतं. त्याला नाही कसं म्हणावं?"

बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा गरम हवा फेकत होता.

"त्याच्याकडं आता थंडी लागायलीय म्हणे," ती म्हणाली. "भर वैशाखात थंडी. अंगावर घ्यायला काय आहे, विचारलं, तर नुसताच हसतो." मग थोडा विचार करून तिनं विचारलं, "गोधडी पाठवली, तर तिथवर पोचेल का रे?"

पोचेल, असं मी म्हणालो. ती भिंतीला हात लावत उठली, आतल्या खोलीतून आपली जुनी मऊ लुगडी काढून आणली आणि त्या उकाड्यात फरशीवर पसरून बसली. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो मी ओवून दिला.